टेप हातात देण्याआधी

मॅडम, शरीरमापनाचं, म्हणजे वस्तू माणसाला बेतशीर व्हाव्यात म्हणून अंगाची मापं घेण्याचं, प्रॅक्टिकल पहिल्यांदाच घेताय, तर फळ्यावर तक्ते लिहून सुरुवात करू नका. पोरांना चपला काढून बसवा. गुडघा काटकोनात, मांडी आडवी. तळपायापासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंतची उंची प्रत्येकाला दोनदा मोजायला लावा. त्याच पायाच्या दोन मापांत सहज सेंटिमीटरचा फरक निघतो. तो खोडू देऊ नका, वहीत राहू दे. माप घेणं हे हाताचं कसब आहे, ते तिथंच कळतं. मुलींची मापं मुलींनीच घ्यावीत, हात लावण्याआधी विचारायचंच. वजन आणि कंबर मोठ्यानं वाचायची नाही.

मग 'सरासरी'वर या. इथं घाई नको. 1950 च्या सुमारास अमेरिकी हवाई दलानं 4063 वैमानिक मोजले. कॉकपिटसाठी महत्त्वाची 10 मापं एकत्र पाहिली, तर सगळ्यांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही निघाला नाही! म्हणून दाराची उंची उंच माणसावरून ठरवतात, म्हणजे 95 वा पर्सेंटाइल: शंभरातले 95 जण ज्या मापाच्या आत बसतात ते माप. फळीपर्यंत हात पोचणं मात्र 5 व्यावरून, म्हणजे आखूड हाताच्या माणसावरून.

नंतर वर्ग मिरजेला न्या, सतारी बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत. आधी परवानगी घ्या, कारागिरांचं काम थांबवू नका. जमिनीवर बसून तासकाम करणाऱ्या माणसाचे गुडघे किती पसरतात, हात कुठवर जातो, पाठ किती वाकते, हे पोरांनी स्वतः टिपावं. खुर्चीवरची मापं पुस्तकात भरपूर मिळतात. मांडी घातलेल्या माणसाची शोधावी लागतात.