पहिल्यांदाच पेपर रिव्ह्यूला आलाय? मग आधी एवढं बघा

अभिनंदन! जर्नलच्या संपादकांनी छापण्याआधी तपासायला शोधनिबंध (पेपर) पाठवायचं विचारलं, की होकार देण्याआधी त्यांच्या ईमेलमधला सारांश आणि दिलेली असतील तर लेखकांची नावं नीट वाचा. लेखक तुमचे मार्गदर्शक, सहकारी किंवा अलीकडचे सहलेखक असतील, किंवा तुम्हीही त्याच प्रश्नावर पेपर लिहीत असाल, तर संपादकांना लगेच कळवा. नुसती शंका असली तरी कळवाच. वेळ नसेल तर दोन-तीन दिवसांत नकार द्या. तुम्ही गप्प बसलात की लेखकांचे महिने फुकट जातात.

नवखे हमखास इथे चुकतात:

- पेपर मित्राला दाखवणं किंवा चॅटजीपीटीत टाकणं. तो गोपनीय असतो. विद्यार्थ्याची मदत हवी असेल तर आधी संपादकांची परवानगी घ्या आणि त्याचं नाव त्यांना कळवा.
- गरज नसताना स्वतःचे पेपर उद्धृत करायला लावणं.
- लेखकांशी गोड बोलून फक्त संपादकांना दिसणाऱ्या खासगी रकान्यात ‘नाकारा’ लिहिणं.

‘पद्धत कच्ची आहे’ एवढ्यावरून लेखकांनी नेमकं काय सुधारायचं? ‘तक्ता २ मध्ये नियंत्रण गटात (तुलनेसाठीच्या गटात) किती जण होते ते दिलेलं नाही, त्यामुळे फरक तपासता येत नाही’ असं लिहा. वाङ्मयचौर्याचा संशय आला तर पुराव्यासह फक्त संपादकांना सांगा. लेखकांना परस्पर ईमेल नको.