खणभागातलं घर, आईची ठेव आणि तुमचे दोन लाख

ताई, तुमच्या पत्रातली हकीकत आधी थोडक्यात मांडतो. वडील जाऊन तीन वर्षं झाली. सांगलीत खणभागात त्यांनी घेतलेलं जुनं घर आहे. खाली भाड्याच्या दोन जागा, वर कौलारू मजला. 2019 च्या पुरात तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतं, तेव्हा भाडेकरू गेले ते परत आले नाहीत. आता मे महिन्यात सगळ्या भावंडांनी मुलाबाळांसकट जमून घर नीट करायचं आणि पुन्हा भाड्याने द्यायचं ठरलंय. गवंड्याने 7 लाखांचा अंदाज दिलाय. दादा म्हणतात, आईची पोस्टातली 5 लाखांची ठेव मोडू, 2 लाख तू घाल. धाकटा भाऊ पुण्याहून महिनाभर रजा काढून येईल आणि अंगमेहनत करेल. तुमचा प्रश्न, ‘मी पैसे घालू का?’

घाला. पण आईंच्या ठेवीला हात लागणार नसेल तरच, आणि कागद झाल्याशिवाय एक रुपयाही नको.

त्या ठेवीचे आईंना तिमाहीला 10,250 रुपये मिळतात आणि त्यातून त्यांची औषधं, गॅस, वीज भागते, हे तुम्हीच लिहिलंय. ही रक्कम त्यांना कुणाकडे मागावी लागत नाही. भिंतीत गेलेला पैसा दवाखान्याच्या वेळी काढता येत नाही. भाडं सुरू झालं की आईलाच देऊ, हा दादांचा शब्द मनापासून असेल, पण भाडेकरू मिळायला चार महिने लागले तर त्या चार महिन्यांत आईंनी काय करायचं?

दादांनी वर्षाचं 1,32,000 भाडं 7 लाखांवर मांडून जवळजवळ 19 टक्के काढलेत. त्यातून एखादा महिना जागा रिकामी राहण्याचे 11,000, घरपट्टीचे 6,000, विम्याचे 4,000 आणि किरकोळ दुरुस्तीचे 11,000 वजा करा. हातात 1 लाख उरतात. म्हणजे घातलेले 7 लाख सुटायलाच सात वर्षं. दुसरीकडे एजंट म्हणतो तसे घराचे 40 लाख खरंच आले, तर कर जाऊन जे उरेल त्यावर 7 टक्क्यांनी व्याज धरलं तरी ते हातात उरणाऱ्या भाड्याच्या दुपटीहून जास्त होतं. निव्वळ हिशेबात विकणं सरस आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही.

तरीही आज विका असं मी म्हणत नाही. पुरात बुडालेलं, कुलूप लागलेलं, उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असलेलं घर बघून गिऱ्हाईक भाव पाडणारच. आणि बंद घर आहे तसं राहत नाही. एक कौल फुटलं की वासा कुजतो, मग वाळवी. म्हणून माझं मत असं, की 7 नाही, 4 लाखांत घर कोरडं आणि राहण्याजोगं करा, भाड्याने द्या आणि विकायचं की ठेवायचं हे तीन वर्षांनी ठरवा.

तुमच्याच यादीतले आकडे घेतो. छप्पर आणि पन्हाळी 1 लाख 20 हजार, संडास-मोरी आणि ड्रेनेज 90 हजार, गिलावा 80 हजार, वायरिंग 60 हजार. वर 50 हजार हाताशी ठेवा, जुनं घर उकरलं की काहीतरी निघतंच. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, वरच्या मजल्याच्या फरश्या आणि नवं गेट सध्या नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या घरात गेलं होतं. 2021 ला पुन्हा पूर आला. अशा तळमजल्यावर प्लायवूडमध्ये पैसे घालू नका. मीटर आणि बटणांचे बोर्ड जितके उंच घेता येतील तितके घ्या. मागच्या भिंती मातीच्या आहेत असं लिहिलंय, त्यांना सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. तिथे चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. खरवडणं, रंग, साफसफाई घरच्यांनी जरूर करावी, पोरांनाही त्यात घ्या. वायरिंग आणि छपरावर मात्र घरचं कुणी चढू नये.

आता कागद. घर वडिलांच्या कमाईचं आणि मृत्युपत्र नाही, तर आई आणि तुम्ही तिघं अशा चौघांचा सारखा, चौथा-चौथा हिस्सा आहे. तुमचं लग्न झालंय म्हणून तो कमी होत नाही. आधी सिटी सर्व्हेला वारस नोंद करून घ्या. मग कुणी किती घातले ते वहीत लिहून चौघांच्या सह्या घ्या. 4 लाख तिघा भावंडांनी सारखे घालावेत. धाकट्याला जमत नसेल तर त्याचा वाटा तुम्ही आणि दादांनी उचला आणि भाड्यातून आधी ती उसनवारी फिटेल, असं लिहा. त्याच्या महिनाभराच्या कामाचीही मजुरी धरा, नाहीतर पुढे ‘मी राबलो’ आणि ‘मी पैसे घातले’ यांची तुलना सुरू होते. आमच्या घरात हे लिहायचं राहिलं होतं. रक्कम फार नव्हती, पण दोन दिवाळ्या भाऊ एकमेकांकडे गेले नाहीत. म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय.

भाडेकरू ओळखीचा असला तरी नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्रात 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारसुद्धा नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. कराचं सोपं आहे. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते, दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. पूर्ण वर्षाचं भाडं आलं तर प्रत्येकाच्या उत्पन्नात साधारण 22,000 रुपये धरले जातील, पैसे कुणाच्याही खात्यात जमा होवोत. छपराची आणि ड्रेनेजची बिलं मात्र जपून ठेवा. घरात कायमची भर घालणारा खर्च पुढे विक्रीच्या वेळी नफ्यातून वजा मागता येतो.

विमा घेताना पुराचं संरक्षण आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्या, आणि भिंती मातीच्या आहेत हे अर्जात स्पष्ट लिहा. ते लपवलं तर दावा अडकतो.

आणि छपरासाठी मे महिन्याची वाट बघू नका. वळीव एप्रिलमध्येही येतो. छपराचं काम तेवढं मार्चमध्येच उरकून घ्या, बाकीचं काम सगळे जमल्यावर करा.