वारस, उत्तराधिकारी आणि गादी

प्रश्न असा आहे: ‘प्लेटोनंतर स्प्युसिपस अकादमीच्या गादीवर बसला’ असं वाक्य एका अनुवादात आलं आहे. (अकादमी म्हणजे प्लेटोची अथेन्समधली तत्त्वज्ञानाची शाळा.) इथे ‘गादी’ चालेल का? आणि अशा माणसाला ‘वारस’ म्हणावं की ‘उत्तराधिकारी’?

मूळ ग्रीक शब्द ‘दिआदोखोस’. एकाच्या हातून दुसऱ्याने घेणं, अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. अलेक्झांडरमागून साम्राज्य वाटून घेणाऱ्या सेनापतींनाही हाच शब्द लावतात. इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या तत्त्वज्ञाला तर तो नावासारखा चिकटला: प्रोक्लस दिआदोखोस, म्हणजे प्लेटोचा उत्तराधिकारी प्रोक्लस. दोघांमध्ये आठशे वर्षांचं अंतर! घराण्याचा किंवा मालमत्तेचा संबंध नसतानाही हा शब्द शोभतो, म्हणून ‘उत्तराधिकारी’ मला जवळचा वाटतो.

‘वारस’ का नको, हे एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या मृत्युपत्रातून फार स्पष्ट दिसतं. तो इ.स.पू. २७० च्या सुमारास वारला. अथेन्समधली त्याची बाग हेच त्याच्या पंथाचं ठिकाण, आणि पंथ पुढे चालवायचा होता त्याचा शिष्य हर्मार्कस याने. पण हर्मार्कस मितिलीनीचा, म्हणजे अथेन्सला परका. परक्याला तिथे जमीन आपल्या नावावर करता येत नसे. म्हणून एपिक्युरसने बाग दोन अथेन्सवासीयांच्या नावे केली, आणि हर्मार्कसला व त्याच्यासोबत तत्त्वचिंतन करणाऱ्यांना ती वापरू द्यावी अशी अट घातली. वारस अमायनोमाकस आणि टिमोक्रेटिस, उत्तराधिकारी हर्मार्कस. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे आपलं भाग्यच. ते एकमेकांच्या जागी वापरले तर ही सगळी युक्तीच वाचकाला कळणार नाही.

आता ‘गादी’. हा शब्द राजाला, मठाला आणि पेढीलाही चालतो, म्हणून मोह होतो. पण स्प्युसिपस हा प्लेटोचा भाचा. ‘गादीवर बसला’ म्हटलं की मामाची गादी भाच्याकडे गेली, आता पुढेही तसंच चालेल, असं वाटतं. प्रत्यक्षात पुढचा प्रमुख झेनोक्रेटिस हा नात्यातला नव्हता. अकादमीतल्या तरुणांनी मतं देऊन त्याला निवडलं, आणि तेही थोडक्या मतांनी. स्टोइकांच्या, म्हणजे झेनो या तत्त्वज्ञाच्या पंथाच्या बाबतीत तर ‘गादी’ अगदीच विजोड. झेनो शिकवायचा तो अथेन्सच्या एका सार्वजनिक ओवरीत. त्याच्यामागून आलेला क्लिअँथीस रात्री बागांना पाणी शेंदून पोट भरायचा.

‘कुलगुरू’ही काहींनी सुचवला आहे. आजच्या वाचकाला त्यातून विद्यापीठाचं कार्यालय दिसतं, म्हणून तो टाळावा. साधा ‘प्रमुख’ पुरेसा आहे.

अॅरिस्टॉटलच्या लायसिअम या शाळेचा तिसरा प्रमुख स्ट्रेटो. बाकीच्यांपैकी काही फार म्हातारे आहेत, काहींना सवड नाही, म्हणून शाळा लायकोकडे सोपवतो, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं. तिथे शाळेसाठी ग्रीक शब्द आहे ‘दिआत्रिबे’, म्हणजे मुळात वेळ घालवणं, एखाद्या कामात रमणं. रमण्याची जागा सोपवली जाते, तिथे ‘सोपवली’ हेच क्रियापद हवं. तुमच्या वाक्यापुरतं बोलायचं तर मी लिहीन: ‘प्लेटोनंतर अकादमीची धुरा त्याचा भाचा स्प्युसिपस याच्याकडे आली.’