पार्क जिन-मान आणि शॉर्टस्टॉपची जागा

प्रश्न : 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील बेसबॉलच्या अंतिम सामन्याचे चित्रण नुकतेच पाहिले. शेवटचा चेंडू अडवणारा दक्षिण कोरियाचा शॉर्टस्टॉप पार्क जिन-मान पाच वेळा ‘गोल्डन ग्लव्ह’चा मानकरी असल्याचे समजले, मात्र त्याची फलंदाजीची सरासरी साधारणच दिसते. केवळ क्षेत्ररक्षणाच्या बळावर इतकी मोठी कारकीर्द उभी राहू शकते का?
– एक वाचक

उत्तर : राहू शकते, पण आपल्या प्रश्नातील ‘केवळ’ हा शब्द पार्कच्या बाबतीत पूर्णपणे लागू होत नाही. कोरियन लीगमध्ये त्याने 0.261 च्या सरासरीने (म्हणजे दर हजार संधींमागे 261 यशस्वी फटके) खेळताना 153 होमरनही, म्हणजे बहुधा थेट मैदानाबाहेर जाणारे फटकेही, मारले आहेत. शिवाय कोरियातील गोल्डन ग्लव्ह हा अमेरिकेतील तशाच नावाच्या पुरस्कारासारखा निव्वळ क्षेत्ररक्षणासाठी दिला जात नाही. प्रत्येक जागेवरील सर्वोत्तम खेळाडू मतदानाने निवडला जातो आणि मत देताना फलंदाजीकडेही पाहिले जाते. त्यामुळे 2000, 2001, 2004, 2006 आणि 2007 या वर्षांचे त्याचे पाच पुरस्कार हा त्याच्या क्षेत्ररक्षणाचा नेमका पुरावा ठरत नाही. तो पुरावा मैदानावरच शोधावा लागतो.

धाव पूर्ण करण्यासाठी फलंदाजाला क्रमाने गाठावे लागणारे टप्पे म्हणजे बेस; शॉर्टस्टॉप हा क्षेत्ररक्षक दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात उभा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजांचे जमिनीलगतचे अनेक फटके त्याच्याच दिशेने येतात आणि तेथून पहिल्या बेसपर्यंतची फेक लांब पडते, तर फलंदाज चार-साडेचार सेकंदांत तो बेस गाठतो; चेंडू त्याच्याआधी तेथे पोहोचला तरच तो बाद होतो. म्हणूनच चेंडू बॅटला लागण्यापूर्वी कोठे उभे राहायचे, हा निर्णय झेप घेण्याच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा असतो. पार्कचे मोठेपण मला या निर्णयात दिसते. अवघड चेंडूही त्याच्याकडे सोपा होऊन आल्यासारखा भासे, आणि अशा खेळाडूचे श्रेय धावफलकावर फारसे उमटत नाही. प्रसंगी तो झेपही घेत असे. 2006 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत तैवानविरुद्धच्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये त्याने झेपावून अडवलेल्या चेंडूमुळे कोरियाचा 2-0 असा विजय सुरक्षित राहिला.

आपण पाहिलेल्या अंतिम सामन्यात कोरिया क्युबाविरुद्ध 3-2 असा पुढे होता. नववी इनिंग चालू होती, तिन्ही बेसवर क्युबाचे धावपटू उभे होते आणि एकच गडी बाद झालेला होता; तीन गडी बाद झाले की डाव संपतो. पंचांशी वाद घातल्यामुळे कोरियाचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) कांग मिन-हो याला मैदानाबाहेर काढण्यात आले होते आणि पिचर (चेंडू टाकणारा) रियु ह्युन-जिनच्या जागी जोंग दे-ह्युन आला होता. जोंग जमिनीलगत हात नेऊन चेंडू टाकत असे आणि अशा चेंडूंवर सरपटी फटके अधिक बसतात. क्युबाच्या युलिएस्की गुरिएलचा फटका तसाच शॉर्टस्टॉपकडे आला. तो निसटून आउटफिल्डमध्ये गेला असता, तर बरोबरी निश्चित होती आणि पराभवही दूर नव्हता. पार्कने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर को योंग-मिनकडे दिला, त्याने तो पहिल्या बेसवर ली सुंग-युपकडे फेकला आणि दोन गडी बाद होऊन कोरियाला सुवर्णपदक मिळाले. त्या क्षणी पार्कच्या हालचालीत घाईचा लवलेशही नव्हता. ते चित्रण पुन्हा पाहाल, तेव्हा एवढे अवश्य पाहा.

शांतपणे खेळण्याची ही सवय त्याला लागली त्यात त्याच्या पहिल्या संघाचा वाटा मोठा असावा. इंचॉनमध्ये वाढलेला पार्क 1996 मध्ये ह्युंदाई युनिकॉर्न्समध्ये दाखल झाला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) किम जे-पाक होते आणि ते स्वतः त्यांच्या काळातील नामवंत शॉर्टस्टॉप होते. ह्युंदाईने 1998, 2000, 2003 आणि 2004 मध्ये कोरियन सिरीज, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर पार्क सॅमसंग लायन्सकडे गेला आणि तेथेही 2005 व 2006 मध्ये विजेतेपद आले. 2006 च्या सिरीजमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2009 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकला मात्र तो खांद्याच्या दुखापतीमुळे मुकला. पुढे सॅमसंगमध्ये तरुण शॉर्टस्टॉप किम सांग-सूला संधी मिळू लागली, तेव्हा पार्क 2011 मध्ये इंचॉनच्याच एसके वायव्हर्न्सकडे आला. 2015 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने त्याची कारकीर्द 1,993 सामन्यांवर थांबली. दोन हजारांना सात सामने कमी पडले, याची मला आजही हळहळ वाटते. प्रशिक्षकपदाच्या काही वर्षांनंतर 2023 च्या हंगामापासून तो सॅमसंगचा पूर्णवेळ व्यवस्थापक झाला आणि 2024 मध्ये त्याचा संघ कोरियन सिरीजपर्यंत पोहोचून किआ टायगर्सकडून पराभूत झाला.