खानापूरकडं रान घेतलंस, आता घाई नको

हे बघ भावा, रिसॉर्टचा नकाशा आधी गुंडाळून ठेव. एक अख्खा पावसाळा नुसतं रान बघ. झरा कुठं फुटतो, गवे कुठल्या वाटेनं पाण्यावर उतरतात. त्या वाटेवर कुंपण घालायचं नाही म्हणजे नाही. शेजारच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात, बारापेडे गुहेत रॉटनचं दुर्मिळ वटवाघूळ राहतं. पाहुण्यांनी कितीही हट्ट धरला तरी तिकडं नेऊ नकोस. नमुना हवा तर कोडगूत (कूर्गमध्ये) बघ, अनिल-पामेला मल्होत्रा या दांपत्यानं 1991 पासून लोकांनी पडीक सोडलेली शेतं विकत घेत साधारण 300 एकर रान राखलं. वाटाड्या, स्वयंपाकीण गावचीच ठेव, वणव्याला तीच माणसं धावतात. आणि हो, खासगी जमिनीलाही कायद्यानं कम्युनिटी रिझर्व्हचा, म्हणजे मालकानं स्वखुशीनं राखलेल्या संरक्षित रानाचा, दर्जा मिळू शकतो, वनखात्यात जाऊन विचार.