नफा नको, पण दुकान टिकायला पाहिजे

प्रश्न : आम्ही बदलापूरला राहतो. सोसायटीच्या मागे वस्ती आहे, तिथल्या बायका आमच्याकडे धुणीभांडी करतात. माझ्याकडे येणाऱ्या मावशी रोज संध्याकाळी पाव किलो डाळ, तेलाचं छोटं पाऊच असं आणतात, आणि हिशेब केला तर किलोमागे त्यांना माझ्यापेक्षा महाग पडतं! आम्ही 12 जणी मिळून सोसायटीच्या रिकाम्या खोलीत ना नफा ना तोटा दुकान काढायचं म्हणतोय. सुरुवात कशी करू?

उत्तर : ताई, तुम्ही मुद्दा बरोबर पकडलाय. एकदम द्यायला पैसे नसतात म्हणूनच महाग पडतं, हेच तर दुखणं आहे. पण लगेच खोली भरून माल आणू नका. आधी मागणी लिहून घ्या, मग माल आणा. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करतेय, शेजारपाजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरायची, माल एकाच्या घरी उतरतो आणि सभासद स्वतःच वाटप करतात, त्यामुळे दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही आणि रव्याला पोरकिडे लागून फेकायची वेळ येत नाही.

फक्त यात एक अडचण आहे. ही पद्धत महिन्याचा पगार येणाऱ्या घराला सोपी जाते. मावशींना महिन्याची यादी एकदम भरायला सांगितलं तर त्या येणारच नाहीत. म्हणून यादी आठवड्याची करा आणि भिशीसारखं कार्ड ठेवा, जमेल तसे 20, 50 रुपये जमा करायचे, शनिवारी त्यातून सामान घ्यायचं. पहिल्या खेपेचं भांडवल तुम्ही 12 जणींनी घालायचं.

उधारी मात्र पहिल्या दिवसापासून बंद. हे मी पोळलेय म्हणून सांगते. आमच्या बचत गटाने असंच सुरू केलं होतं, कोणीच बुडवायच्या विचाराने घेत नव्हतं, पण 500-600 रुपये थकले की ती बाई लाजेने यायचीच बंद व्हायची, म्हणजे पैसे गेले ते गेलेच आणि जिच्यासाठी हे सगळं मांडलं तीही गेली, मला अजून त्याचं वाईट वाटतं. इंग्लंडमधे रॉचडेलला 1844 साली 28 जणांनी मिळून पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढ्यावर दुकान उघडलं होतं, तेही रोखीनेच विकायचे. भाव बाजाराचाच, पण उरलेले पैसे ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत द्यायचे. तुम्हीही अगदी खरेदीच्या भावात विकू नका, टेम्पोभाडं, वजनातली घट, पिशव्या हे निघालंच पाहिजे, आणि जे उरेल ते दिवाळीला कार्डाप्रमाणे वाटा.

काय ठेवायचं? वस्तीत रेशनकार्डं कोणाकोणाकडे आहेत ते आधी विचारा. अन्न सुरक्षा योजनेत असलेल्यांना जानेवारी 2023 पासून धान्य फुकट मिळतं, प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो. मग तुम्ही तांदूळ-गहू आणून उपयोग काय? डाळ, तेल, साखर, चहा, मीठ, कपड्याचा साबण आणि सॅनिटरी पॅड, खिसा यातच रिकामा होतो. तेल मात्र डबा फोडून सुटं विकू नका, कायद्याने बंदी आहे आणि भेसळीची भीती वेगळी, सीलबंद पाऊचच आणा.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (केंद्र सरकारचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागते, वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का पाहिजे, आणि खोली वापरायला सोसायटीच्या सभेचा ठराव लेखी घ्या. पुढे सहकारी संस्था करायची झाली तर वेगवेगळ्या घरातल्या किमान 10 जणी लागतात, तुम्ही 12 आहातच.

आणि मावशींना नुसतं गिऱ्हाईक ठेवू नका. यादी ठरवायला, कल्याणच्या मार्केटात डाळ बघून घ्यायला त्यांच्यातल्या दोघी-तिघी सोबत घ्या, कुठली डाळ लवकर शिजते आणि कुठल्या डाळीला गॅस जास्त जातो ते त्या तुम्हाला सांगतील.