वाचकांचे प्रश्न : इतिहास, वित्त आणि रुग्णालय व्यवस्थापन

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेतून ८१ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली आहे. तिला इतिहासात बी.ए. करायचे आहे. घरातील मोठ्या माणसांचा आग्रह मात्र वाणिज्य शाखेचा, निदान ‘फायनान्स’ हा शब्द नावात असलेल्या एखाद्या अभ्यासक्रमाचा आहे. इतिहास शिकून पोटापाण्याचे काय, या त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. (एक पालक, परभणी)

उत्तर : मुलीला इतिहास घेऊ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र वित्त हा विषय तिने टाळू नये. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत साधारण १८ ते २० क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या वेळेचे एकक) मायनर म्हणजे दुय्यम विषय घ्यावा लागतो व तो दुसऱ्या विद्याशाखेतलाही चालतो. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे खुला ऐच्छिक विषय तर दुसऱ्या विद्याशाखेतूनच निवडायचे असते. नियमाप्रमाणे इतिहास मेजर आणि वित्त मायनर ही जोडी जमते. प्रत्यक्षात लहान महाविद्यालये आपल्याकडे शिक्षक आहेत तेवढेच विषय देतात, म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटून यंदा कोणते मायनर खरोखर सुरू होणार आहे, हे विचारून घ्यावे. माहितीपुस्तिकेतील यादीवर विसंबून राहू नये.

वित्ताचा विषय कसा शिकवला जातो, हे त्याच्या अभ्यासक्रमावरून पाच मिनिटांत कळते. दहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ८,९९७ रुपये येतो; त्यातील पहिल्या हप्त्याचे ७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम दीड हजाराने कमी होते. असे तक्ते विद्यार्थ्यांकडून करून घेणारा अभ्यासक्रम असेल, तर तो अवश्य घ्यावा. नुसत्या व्याख्या आणि ‘महत्त्व सांगा’ छापाचे प्रश्न असतील, तर त्या वेळात दुसरे काही शिकलेले बरे.

घरच्यांची खरी काळजी नोकरीची आहे. बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाची आयबीपीएसची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. सनदी लेखापाल होण्यासाठी पहिली फाउंडेशन परीक्षा न देता इंटरमीजिएट पातळीवर थेट नोंदणी करायची, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि अन्य पदवीधराला ६० टक्के गुण लागतात. म्हणजे इतिहासाच्या पदवीधरालाही तो रस्ता बंद नाही, फक्त लेखाशास्त्राची तयारी शून्यापासून करावी लागते. म्युच्युअल फंड वितरकासाठीची एनआयएसएमची परीक्षा १०० गुणांची असून ५० गुणांना उत्तीर्ण होता येते व तिचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. एनआयएसएम ही संस्था सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, स्थापन केलेली आहे. त्यामुळे भरमसाट शुल्क घेऊन ‘फायनान्स एक्स्पर्ट’चे प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी वर्गांत पैसे घालण्याआधी या परीक्षेचे शुल्क आणि त्या वर्गाचे शुल्क शेजारी शेजारी मांडून पाहावे.

आता इतिहासाच्या स्वतःच्या कामाबद्दल. इतिहासाची पदवी घेतलेले पुष्कळ असतात. जुना कागद वाचू शकणारे थोडे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी वाचणाऱ्यांची निकड साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. मोडीत आधी आडवी रेघ ओढून अक्षरे तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे संपला हे सरावाशिवाय कळत नाही. तारखांचा प्रकार वेगळाच. ‘खमस सबैन अलफ’ हे अरबी शब्द म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, अर्थात जुन्या मराठी कागदांतील सुहूर कालगणनेचे सन १०७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७४ येते, म्हणजे शिवराज्याभिषेकाचे वर्ष. (सुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळे पुढच्या जानेवारीनंतरच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात, आणि नवशिके नेमके तिथेच चुकतात.) मोडीचे प्रशिक्षण राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे दिले जाते. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनची संस्था, हेही या अभ्यासाचे जुने ठिकाण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. तिथे जाणकार मार्गदर्शकांची गरज वाढेल, असे मला वाटते. त्यावर एकट्यावर संसार उभा राहील, असे मात्र मी कोणाला सांगणार नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी. आहे व एका खासगी रुग्णालयात बिलिंगचे काम करते. बढतीसाठी ‘हेल्थकेअर मॅनेजमेंट’ची पदव्युत्तर पदवी घ्यावी, असे वरिष्ठ सुचवतात. ऑनलाइन पदवी चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या हाती असलेला अनुभव या क्षेत्रात मोलाचा आहे. डॉक्टरांनी सकाळी डिस्चार्ज लिहून दिलेला रुग्ण दुपार उलटली तरी खाटेवरच का असतो, हे बिलिंगवर बसलेल्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते : औषधे परत करणे, अंतिम बिल, विमा कंपनीची शंका, पुन्हा कागदपत्रे. कॅशलेस रुग्णाच्या डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये ठरवून दिले आहे. रुग्णालयाच्या बाजूने हा वेळ पाळायचा, तर नर्सिंग, फार्मसी आणि लेखा या तिन्ही विभागांची कामे एका वेळापत्रकात बसवावी लागतात, आणि व्यवस्थापकाचे काम बव्हंशी हेच असते.

नोकरी सोडणे शक्य असेल, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनमधील पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी पाहावी. सीईटी देऊन एम.बी.ए. करायचे आणि त्यात आरोग्य व्यवस्थापन घ्यायचे, हाही मार्ग आहे. त्या महाविद्यालयाचा एखाद्या मोठ्या रुग्णालयाशी इंटर्नशिपचा करार आहे की नाही, एवढे आधी पाहावे. नसेल तर दोन वर्षे वर्गातच जातात.

ऑनलाइन पदवीबाबत विशेष सावध राहावे. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषणशास्त्र यांसारखे आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवणे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून थांबवले आहे. व्यवस्थापनाची पदवी ही वेगळी गोष्ट असली, तरी तुमचे विद्यापीठ, तोच अभ्यासक्रम आणि तुमच्या प्रवेशाचे सत्र या तिन्हींना मान्यता असल्याची खात्री आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः करून घ्यावी. एजंटाने पाठवलेले मान्यतापत्र मागच्या वर्षाचे असू शकते.

प्रश्न : ‘करिअर स्किल्स’चा दोन क्रेडिटचा विषय आम्हाला सक्तीचा आहे. तासाला कोणी जात नाही. त्याचा काही उपयोग होतो का? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. तेवढ्या वेळात व्यक्तिमत्त्व बदलत नाही, पण एक्सेलमध्ये हिशेब मांडणे आणि एक पानी अर्ज शुद्ध मराठीत व इंग्रजीत लिहिणे नक्की येते. प्राध्यापकांकडे या दोनच गोष्टी मागा. देहबोलीवरच्या स्लाइड्स वगळल्या तरी चालतील.

प्रश्न : निवृत्तीनंतर इतिहासात एम.ए. करण्याची इच्छा आहे. पदवी विज्ञानाची आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या इतिहासातील एम.ए.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते. स्वाध्याय वेळेवर देणे हीच त्यातली अवघड बाब आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही स्वाध्याय राहिल्यामुळे निकाल अडकलेले लोक मी पाहिले आहेत. तेव्हा नोंदणी झाल्यावर पुस्तकांच्या गठ्ठ्याआधी स्वाध्यायांच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्याव्यात.